मुंबईचें संत थोमाचें मंदिर

वाचावयाचे उतारे : लूक १४:२८–३०, याकोब २:१–९.



नरसी नामदेव, औंढा व हिंगोली या बाजूस राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस देवळाची एक कथा लहानपणापासून ठाऊक असते. संत नामदेव औंढ्याच्या नागनाथापुढें कीर्तन करीत उभे राहिले असतां तेथील पुजाऱ्यांनीं त्यांस समोरून हटविलें. ते निमूटपणें देवळाच्या पाठीमागें जाऊन गाऊं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी ती कथा. ती खरी कीं कल्पित हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. परंतु इतकीं शतकें ती लोकांच्या तोंडीं राहिली याचें कारण उघड आहे. देवाच्या घरांत कोणी पुढें बसावें, कोणी मागें बसावें आणि कोणी बाहेर उभें राहावें, हा प्रश्न फार जुना आहे, आणि आमचीं ख्रिस्ती मंदिरेंही त्यांतून सुटलीं नाहींत. आज ज्या मंदिराचा अभ्यास आपणांस करावयाचा आहे त्याच्या दाराबाहेर तीनशें वर्षांपूर्वीं एक मराठी मुलखांतला हिंदु गृहस्थ उपासना संपेपर्यंत उभा राहिला होता. त्याची हकीकत पुढें येईल. आधीं मंदिराची ओळख करून घेऊं.

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यास 'चर्चगेट' हें नांव माहीत असतेंच. तेथें आगगाडीचें मोठें स्टेशन आहे. परंतु ज्या चर्चवरून हें नांव पडलें तें स्टेशनापाशीं नाहीं. पूर्वीं मुंबईच्या इंग्रज वस्तीभोंवतीं तट होता व त्यास तीन मुख्य दरवाजे होते. त्यांपैकीं जो दरवाजा मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता त्यास लोक चर्चगेट म्हणत. सन १८६० नंतरच्या दशकांत तट पाडण्यांत आला, दरवाजाही गेला, आणि नांव तेवढें मागें राहिलें. मंदिर मात्र आपल्या जागीं आहे. स्टेशनावरून वीर नरिमन मार्गानें पूर्वेकडे चालत गेलें कीं हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे तें लागतें. मुंबईतील मैलांचे जुने दगड याच मंदिरापासून अंतर मोजून रोवलेले होते. त्यांतील कांहीं आजही रस्त्याच्या कडेला सांपडतात, व त्यांवर या मंदिरापासून किती मैल झाले तें कोरलेलें आहे. एवढ्या मोठ्या शहराची मोजणी एका प्रार्थनामंदिराच्या दारापासून होत असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां इतिहास. मुंबई बेट सन १६६८ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं आलें. पुढच्याच वर्षीं जेराल्ड आँजिए हा गव्हर्नर झाला. हा मनुष्य दूरदृष्टीचा होता. शहर वसवावयाचें तर न्यायाची कचेरी पाहिजे, नाण्यांची टांकसाळ पाहिजे, तसेंच उपासनेचें घरही पाहिजे, असें त्याच्या मनानें घेतलें. इंग्रज लोक तोंवर किल्ल्यांतील खोलींत प्रार्थनेस जमत. पोर्तुगीजांचीं देवळें बेटावर ठिकठिकाणीं होतीं. हिंदूंचीं, मुसलमानांचीं होतीं. राज्य करणारांचें मात्र एकही नव्हतें. आँजिएनें वर्गणी सुरू केली आणि सन १६७६ त मंदिराचा पाया घातला. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १६७७ त, तो सुरत येथें मरण पावला.

त्याच्या मागें काय झालें तें ऐका. भिंती सुमारें पंधरा फूट उंच झाल्या आणि तेथेंच थांबल्या. वर छप्पर नाहीं, आंत जमीन नाहीं, दारें नाहींत. अशा स्थितींत त्या जवळजवळ चाळीस वर्षें उभ्या होत्या. इतक्या अवधींत तान्हें मूल वाढून नातवंडांचें तोंड पाहतें. जमलेल्या पैशांचें काय झालें? अलेक्झांडर हॅमिल्टन नांवाच्या एका स्कॉच खलाशानें पुढें आपल्या प्रवासवृत्तांत उघड लिहिलें कीं, पांच हजार पौंडांहून अधिक रक्कम गोळा झाली होती, आणि सर जॉन चाइल्ड मुंबईचा अधिकारी झाला तेव्हां त्यानें ती घशाखालीं घातली. हॅमिल्टन हा तिखट लेखणीचा मनुष्य होता आणि कंपनीच्या अंमलदारांवर त्याचा राग होता. म्हणून त्याच्या एकट्याच्या शब्दावर आम्ही कोणास दोषी ठरवीत नाहीं. परंतु पैसा गेला आणि भिंती तशाच राहिल्या, एवढें खरें. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें जें प्रभूनें सांगितलें तें वाचतांना पुष्कळांस वाटतें कीं, हा दाखला केवळ समजावून सांगण्यापुरता आहे. मुंबईच्या लोकांस तो चाळीस वर्षें रोज डोळ्यांनीं दिसत होता. आणि आमच्या खेड्यांतूनही कमरेइतक्या भिंती होऊन थांबलेलीं प्रार्थनामंदिरें आम्हीं पाहिलीं आहेत. पावसाळे त्यांवरून जातात, माती वाहून जाते, वर्गणीची वही कोणाच्या तरी पेटींत असते. वही दर महिन्यास मंडळीपुढें मोठ्यानें वाचली गेली असती तर त्यांतील निम्मीं मंदिरें पुरीं झालीं असतीं, असें आमचें मत आहे.

सन १७१४ त रिचर्ड कॉब नांवाचा पाळक कंपनीच्या चाकरींत मुंबईस आला. त्या पडक्या भिंती पाहून त्यास लाज वाटली. दुसऱ्या वर्षीं एका रविवारीं त्यानें उपदेशांत हाच विषय घेतला व श्रोत्यांस स्पष्ट शब्दांत टोंचलें. त्या वेळचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी समोर बसला होता. उपासना आटोपल्यावर त्यानें कॉबास गांठून म्हटलें कीं, मंदिर पाहिजेच असेल तर मंदिर होईल. तुम्ही वर्गणीची वही करा, पहिली सही माझी. त्यानें एक हजार रुपये घातले. मग कौन्सिलदारांनीं, व्यापाऱ्यांनीं, जहाजांच्या कप्तानांनीं आपापले आंकडे मांडले. कंपनीच्या दूरदूरच्या वखारींतूनही रकमा आल्या. १७१५ च्या अखेरीस काम पुनः सुरू झालें, आणि त्याच डिसेंबरांत चार्ल्स बून हा नवा गव्हर्नर झाला. तीन वर्षांनीं, सन १७१८ च्या नाताळच्या दिवशीं, मंदिर उपासनेसाठीं उघडलें.

त्या दिवसाचें वर्णन कॉबानेंच म्हातारपणीं, सन १७६६ त, एक लहानसें पुस्तक छापून करून ठेविलें आहे. गव्हर्नर कौन्सिलासह मिरवत आला. मंदिर हिरव्या पाल्यानें शृंगारलेलें होतें. एका बालकाचा बाप्तिस्माही झाला. हें सर्व वाचून मन प्रसन्न होतें. परंतु बसण्याची जी व्यवस्था केली होती ती पाहिली म्हणजे प्रसन्नता ओसरते. प्रत्येक दर्जास वेगळीं आसनें नेमलीं होतीं. गव्हर्नराचें एक, कौन्सिलदारांचें एक, त्यांच्या बायकांचें एक, कप्तानांचें एक, व्यापाऱ्यांचें एक. असें उतरत उतरत शेवटीं एक रांग होती, तिच्यावर इंग्रजींत लिहिलें होतें त्याचा मराठी अर्थ 'कनिष्ठ स्त्रिया' असा होतो. या स्त्रिया म्हणजे कोणी परक्या नव्हत्या. त्याच मंडळीच्या, त्याच बाप्तिस्म्याच्या गोऱ्या बायका होत्या. त्यांचे नवरे हलक्या पगाराचे, एवढाच त्यांचा कमीपणा. सोन्याची अंगठी घातलेल्यास 'येथें बसा' आणि दरिद्र्यास 'तिकडे उभा राहा' म्हणणाऱ्यांस याकोबानें जें पत्र लिहिलें तें या मंदिरांत वाचलें जात असेलच. वाचणाऱ्यास तें कोणाविषयीं आहे असें वाटत असेल, हा विचार आमच्या मनांत येतो.

आणि बाहेर? त्या नाताळच्या दिवशीं रामा कामत नांवाचा एक शेणवी गृहस्थ आपल्या ज्ञातिबांधवांसह तेथें आला होता. इंग्रजी कागदांत याचें नांव रामा कामाटी असें येतें. हा कंपनीचा जुना चाकर, देशी शिपायांवरचा अंमलदार, आणि मुंबईतील एक धनिक. मलबार टेंकडीवरील वाळकेश्वराचें देऊळ पोर्तुगीजांच्या काळीं मोडलें होतें. तें यानेंच सन १७१५ त पुनः बांधविलें. म्हणजे ज्या वर्षीं इंग्रजांनीं आपल्या मंदिराचें थांबलेलें काम उचललें त्याच वर्षीं. कॉब लिहितो त्याचा आशय असा कीं, रामा व त्याचे लोक या उपासनेची शिस्त व गांभीर्य पाहून इतके संतुष्ट झाले कीं, ती संपेपर्यंत ते बाहेर उभे राहिले. त्यांच्यासाठीं आसन नेमलेलें नव्हतें, आणि तें त्यांनीं मागितलेंही नाहीं. दुसऱ्याच्या प्रार्थनेचा मान राखून ते ऐकत राहिले. कॉबानें ही गोष्ट लिहून ठेविली याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहों.

यापुढची गोष्ट त्याच्या पुस्तकांतली नव्हे; परंतु ती सांगितल्यावांचून हा पाठ पुरा होणार नाहीं. इंग्रजांचें त्या वेळीं कान्होजी आंग्रे यांच्याशीं समुद्रावर वैर चाललें होतें. मंदिर उघडण्याच्या पुढेंमागें, म्हणजे १७१८ च्या नोव्हेंबरांत, बूनच्या आरमारानें खांदेरी बेटावर हल्ला केला व तो फसला. अपयश आलें म्हणजे माणसें घरांतच चोर शोधूं लागतात. सन १७२० त रामा कामतास पकडण्यांत आलें. त्यानें कान्होजीस गुप्त पत्रें लिहून इंग्रजांचे बेत कळविले असा त्याच्यावर आरोप होता. पुरावा म्हणून पत्र दाखविण्यांत आलें. त्याच्या कारकुनास यातना देऊन त्याच्या तोंडून जबानी काढण्यांत आली. न्यायासनावर कंपनीचेच अंमलदार होते. निकाल काय होणार तें ठरलेलेंच होतें. रामास जन्माची कैद झाली आणि त्याची मिळकत जप्त झाली. आठ वर्षें तुरुंगांत काढून सन १७२८ त तो तेथेंच मेला. तीं पत्रें बनावट होतीं, असें पुढें ज्यांनीं ज्यांनीं हें प्रकरण तपासलें त्यांचें मत पडलें आहे. ज्या गव्हर्नरानें नाताळच्या दिवशीं पहिल्या आसनावर बसून उपासना केली त्याच्याच कारकीर्दीत, बाहेर उभे राहून ती ऐकणाऱ्या मनुष्याचा असा शेवट झाला. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं हें झांकून ठेवूं नये, असें आम्हांस वाटतें. पवित्र शास्त्रानें दावीदाचेंही कांहीं झांकून ठेविलेलें नाहीं.

आतां इमारतीकडे वळूं. ज्यांनीं केवळ एक खोलीचें प्रार्थनामंदिर पाहिलें आहे त्यांच्यासाठीं हा भाग जरा सावकाश सांगतों. मोठें मंदिर लांबट असतें. मधला उंच व रुंद भाग म्हणजे मुख्य सभागृह. येथें मंडळी बसते. त्याच्या दोन्ही अंगांस खांबांच्या रांगा व त्यांपलीकडे दोन अरुंद पडव्या असतात. आपल्या वाड्यांतील माजघर व सोपे मनांत आणा, म्हणजे कल्पना येईल. पूर्वेच्या टोकास वेदीचा भाग. तो बहुधा दोन-तीन पायऱ्या उंच. पश्चिमेच्या टोकास बुरूज व घंटा. संत थोमाच्या मंदिराची रचना अशीच आहे. पहिलें बांधकाम साधें व भक्कम होतें : जाड भिंती, जाड खांब, नक्षी थोडी. मुंबईवर कोणत्या दिवशीं शत्रु चालून येईल याचा नेम नव्हता, म्हणून छप्पर तोफेच्या गोळ्यासही दाद देणार नाहीं असें केलें होतें, असें सांगतात. छपराचा भार मोठा असला म्हणजे भिंती बाहेर ढकलल्या जातात. त्या जाड ठेवण्याचें कारण तेंच. हे पांढऱ्या रंगाचे खांब व उंच छत यांमुळें आंत पाऊल टाकतांच थंडावा वाटतो. उष्ण हवा वर जाते व माणसें खालीं बसतात, एवढी साधी युक्ति त्यांत आहे.

सन १८१६ त कलकत्त्याचा बिशप मिडल्टन मुंबईस आला, तेव्हां मंदिराचें विधिपूर्वक समर्पण होऊन त्यास प्रेषित थोमाचें नांव देण्यांत आलें. हिंदुस्थानांत सुवार्ता पहिल्यानें थोमानेंच आणली अशी दक्षिणेकडील ख्रिस्ती लोकांची प्राचीन समजूत आहे, हें आमच्या वाचकांस माहीत आहेच. जुन्या ख्रिस्ती चित्रांतून थोमाच्या हातांत गवंड्याचा गुण्या दाखवितात, कारण तो बांधणारांचा प्रेषित अशी कथा आहे. या मंदिराच्या रंगीत कांचेंतही तो तसाच दिसतो. गवंडीकाम करून पोट भरणारे पुष्कळ बंधु हें वर्तमानपत्र वाचतात. त्यांस ही माहिती गोड वाटेल.

सन १८३७ मध्यें मुंबईस स्वतंत्र बिशप नेमण्यांत आला. पहिला बिशप टॉमस कार. ज्या मंदिरांत बिशपाचें आसन असतें त्यास कॅथेड्रल म्हणतात. म्हणून तेव्हांपासून यास कॅथेड्रल म्हणूं लागले. पुढल्याच वर्षीं जुना ठेंगणा घंटाघर काढून त्या जागीं घड्याळाचा उंच बुरूज उभारण्याचें काम हातीं घेतलें. नंतर वेदीचा भाग वाढविण्यांत आला व तो १८६५ पर्यंत पुरा झाला. हा नवा भाग गॉथिक पद्धतीचा आहे. या पद्धतीच्या कमानी वाटोळ्या नसून माथ्याशीं टोंकदार असतात, जणू दोन हात जोडले आहेत. टोंकदार कमान आपला भार बाहेर कमी व खालीं जास्त टाकते. त्यामुळें खांब सडपातळ ठेवतां येतात व खिडक्या उंच करतां येतात. एकाच मंदिरांत जाड खांबांचें सभागृह आणि टोंकदार कमानींची वेदी, हा मेळ कोणास विजोड वाटेल. आम्हांस तो आवडतो. बांधणारे शंभर-दीडशें वर्षांच्या अंतरानें आले आणि त्यांनीं एकमेकांचें काम मोडलें नाहीं. बाहेर दारापुढें दगडी कारंजें आहे. त्याचा नकाशा गिल्बर्ट स्कॉट या नामांकित इंग्रज शिल्पकारानें काढला, आणि पैसा दिला कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूरानें.

आंत भिंतींवर संगमरवरी स्मारकें दाटीनें लावलेलीं आहेत. बहुतेक तरुण सैनिकांचीं, नाविकांचीं व बायकामुलांचीं. या हवेंत ते लोक किती लवकर मरत तें त्यांवरील वयें वाचून कळतें. बिशप कार यांची निजलेली मूर्ति आहे. खडकीच्या लढाईंत, सन १८१७ त, पेशव्यांच्या फौजेशीं लढलेल्या इंग्रज पलटणींचा सरदार कर्नल बर याचेंही स्मारक आहे. मराठी मनुष्य त्यापुढें क्षणभर थबकल्यावांचून राहत नाहीं. सर्वांत प्रसिद्ध स्मारक गव्हर्नर जोनाथन डंकन याचें. यानें सोळा वर्षें मुंबईचा कारभार केला व १८११ त तो येथेंच वारला. काशी व काठेवाड या प्रांतांत नवजात मुलींस मारण्याची दुष्ट चाल होती, ती बंद करण्यासाठीं यानें पुष्कळ खटपट केली. म्हणून दोन बालकांच्या हातीं तें कार्य सांगणारा पट दाखविला आहे. डंकनाच्या हेतूस आम्ही वंदन करतों. परंतु दगडावर 'चाल बंद झाली' असें कोरल्यानें ती बंद झाली नाहीं. सन १८७० त सरकारास त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि मुलगी नको म्हणणारीं घरें आजही आपल्या मुलखांत आहेत.

सन १९७० त नागपूर येथें उत्तर हिंदुस्थानांतील कित्येक मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संस्था झाली, व हें मंदिर तिच्यांत आलें. अमेरिकन मराठी मिशनच्या कामांतून निघालेल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्याही त्याच ऐक्यांत आल्या. म्हणजे गव्हर्नरांचें मंदिर आणि कुडाच्या भिंतींचें मंदिर आज एकाच कुटुंबाचीं घरें आहेत. अलीकडे मंदिराची मोठी दुरुस्ती झाली, आणि जुनें रूप राखून ती केल्याबद्दल सन २००४ त युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतन पुरस्कार त्यास मिळाला. सन २०१८ त मंदिर उघडल्यास तीनशें वर्षें पुरीं झालीं.

दुरुस्तीचा विषय निघाला म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. आपल्याकडील जुनीं मंदिरें दगड-चुन्याचीं किंवा दगड-मातीचीं असतात. भिंतीस ओल आली कीं पंचांची पहिली सूचना सिमेंटचा गिलावा करण्याची असते. असें करूं नये. चुन्याची भिंत ओल घेते व ती बाहेर टाकते. सिमेंटचें कवच तिचा श्वास कोंडतें, ओल आंतच राहते, आणि चार पावसाळ्यांत गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा सुटूं लागतो. आधीं छपराची गळती व पायाशीं सांचणारें पाणी बंद करावें. मग चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा द्यावा. चुना मुरवून वापरणारा जाणता गवंडी शोधण्यास कष्ट पडतील, पण ते करावे.

धर्मशिक्षकांनीं हा पाठ घेतांना फळ्यावर मंदिराची आकृति काढावी : वेदी, सभागृह, दोन पडव्या, बुरूज. १७१८ चीं आसनें कोणत्या क्रमानें होतीं तें मुलांकडून भरून घ्यावें, आणि रामा कामत जेथें उभा होता तेथें दाराबाहेर एक खूण करावी. नंतर तीच आकृति पुसून आपल्या गांवच्या मंदिराची काढावी, व रविवारीं कोण कोठें बसतें तें वर्गास विचारावें. कोणत्या वस्तीचीं माणसें पुढें, कोणत्या मागें, दाराशीं कोण, आणि ऐकावयास आलेला परका गृहस्थ कोठें उभा राहतो. उत्तरें त्याच दिवशीं मागूं नयेत. मुलांनीं एक रविवार नीट पाहून यावें, आणि मग सांगावें.